स्टॅटिन औषधे आणि वैद्याची जबाबदारी

अकोट व सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणारे अनेक रुग्ण आता लिपिड प्रोफाइलचा अहवाल सोबत आणतात आणि गोळी सोडून गुग्गुळ घेतला तर चालेल काय, असे विचारतात. उत्तर देण्यापूर्वी त्या गोळीचे कार्य आपण जाणून घेणे आवश्यक आहे.

शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतात तयार होते. त्यास लागणारे एक प्रमुख विकर स्टॅटिन रोखते. निर्मिती घटताच यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहक वाढवून रक्तातील एलडीएल ओढून घेतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये बुरशीपासून या गटातील पहिले द्रव्य शोधले. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात ४,४४४ हृद्रोग्यांपैकी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

गुग्गुळाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारस येथे त्यावर मूलगामी संशोधन केले. भारतातील काही चाचण्यांत लाभ आढळला. मात्र २००३ च्या अमेरिकन चाचणीत एलडीएल घटले नाही, उलट किंचित वाढले. म्हणून झटका येऊन गेलेल्या अथवा स्टेंट बसविलेल्या रुग्णाची स्टॅटिन गोळी गुग्गुळाच्या भरवशावर थांबविणे आम्हांस धोक्याचे वाटते. अहवाल समप्रमाणात आला तरी तो बहुधा गोळीचाच परिणाम असतो. ती सोडताच काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वाढते.

आपण पुढील दक्षता घ्यावी. रुग्णाच्या सर्व गोळ्या पाहाव्यात. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातील मात्रा घटल्याचे १९९४ मध्ये नोंदले गेले आहे. तेव्हा गुग्गुळकल्प देताना मूळ चिकित्सकास कळवावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने काही स्टॅटिनांची मात्रा वाढते. तीव्र स्नायुवेदना, दौर्बल्य, गडद मूत्र वा कावीळ दिसल्यास गोळी तात्पुरती थांबवून त्वरित तपासणीस पाठवावे. गर्भिणीस हे औषध सामान्यतः देत नाहीत.

पथ्य, व्यायाम व तंबाखूत्याग हे आपले क्षेत्र आहे. गोळी चालू असतानाही त्यांची आवश्यकता कमी होत नाही, हे रुग्णास त्याच्या बोलीत समजावून सांगावे.