दीड टन पासिंग

डिझेल पिकअपची तुलना लिहा, हलक्यापासून जडपर्यंत, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तक्ता होता. अश्वशक्ती, टॉर्क, मायलेज, किंमत. तसा तक्ता घरबसल्या तयार होतो. पण पनवेलच्या खांदा कॉलनीत दिवेलागणीनंतर चक्कर मारली, तर हे सगळे वर्ग रस्त्याच्या कडेला ओळीने उभे दिसतात. सिडकोच्या इमारतींच्या कुंपणाला लागून छोटा हत्ती, त्याच्यामागे दोन बोलेरो पिकअप, वळणावर सहा टायरची ४०७. पाट्या बहुतेक एमएच ४६च्या. महामार्ग ओलांडला की कळंबोलीचं स्टील मार्केट, पुढे तळोज्याची एमआयडीसी. एका बाजूला न्हावा-शेवा बंदर, दुसऱ्या बाजूला वाशीचा घाऊक बाजार. आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीपासूनच सुरू होतो. माल सगळीकडून येतो आणि तो शेवटच्या दहा-वीस किलोमीटरवर पोचवणाऱ्या गाड्या रात्री इथे मुक्कामाला असतात.

आधी आकडे. २००५ साली टाटा एस, म्हणजे हाच छोटा हत्ती, आली ती ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरांवर. इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनाचा बरोबर निम्मा तुकडा. ताकद १६ अश्वशक्ती, वाहून न्यायचं वजन पाऊण टन. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात जमलेल्या चमूने ती घडवली, आणि तीनचाकी टेम्पोवाल्याला चौथं चाक परवडू लागलं. तिच्यावरची पायरी टाटा इन्ट्रा व्ही ३०ची: १४९६ सीसी, १,३०० किलो. मग महिंद्राची बोलेरो पिकअप: २५२३ सीसी, ७५ अश्वशक्ती, २०० न्यूटन-मीटर टॉर्क. मॉडेलप्रमाणे सव्वा-दीड टनापासून पावणेदोन टनांपर्यंत, आणि मॅक्स एचडीमध्ये थेट दोन टन. १९८६ची ४०७ या सगळ्यांची थोरली. टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निस्सान या जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन हलक्या ट्रकच्या बाजारात उतरत होत्या, तेव्हा टेल्कोने, म्हणजे टाटांनी, आपल्याच बळावर दिलेलं ते उत्तर होतं. ते सगळे स्पर्धक बाजूला पडले किंवा नाव बदलून उरले. ४०७ अजून विकली जाते.

अमेरिकेत ‘पिकअप’ या नावाचं वेगळंच जग आहे. तिथल्या २०२५च्या रॅम हेवी ड्यूटी पिकअपमधलं ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन ४३० अश्वशक्ती आणि साडेचौदाशे न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं. हा टॉर्क बोलेरोच्या सातपट. ती गाडी लोक घोड्यांचा ट्रेलर ओढायला घेतात आणि भाजी आणायलाही नेतात. कमिन्स हे नाव मराठी माणसाला नवं नाही. १९६२ पासून पुण्यात किर्लोस्करांच्या जोडीने ते रुजलं. पण ते आपल्याकडे जनित्रांत आणि मोठ्या ट्रकांत ऐकू येतं, पिकअपमध्ये नाही.

हलकं कुठे संपतं आणि जड कुठे सुरू होतं, हे मी आधी कायद्याला विचारलं. कायद्याने दोन उत्तरं दिली. धुराच्या नियमांत रेषा साडेतीन टनांवर आहे. गाडी आणि माल मिळून एकूण वजन त्याच्या आत असेल, तर अख्खी गाडी रोलरवर चालवून दर किलोमीटरला किती धूर निघतो ते मोजतात. त्याच्या वर असेल, तर नुसतं इंजिन चाचणीच्या बाकावर बांधून दर युनिट ऊर्जेमागे मोजतात. परवान्याच्या कायद्यात मात्र ‘हलकं वाहन’ साडेसात टनांपर्यंत जातं. ६ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं, आणि साध्या एलएमव्ही परवान्यावर तेवढ्या वजनाची मालवाहू गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते, असंही सांगितलं. म्हणजे ४०७ धुरासाठी जड आणि चालकासाठी हलकी.

तिसरं उत्तर महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर एका पत्र्याच्या शेडखाली मिळालं. तिथे गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बसवतात.

शेडचे मालक मूळचे माण तालुक्यातले. आजूबाजूचे सगळे त्यांना मामा म्हणतात. शेडच्या पुढे एक बोलेरो मागून उचललेली, चासीखाली लाकडी ठोकळे, आणि जमिनीवर सुट्या पाट्यांची उतरंड: सर्वांत लांब मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना बुशसाठी गोल वळवलेले कान, मग त्याहून आखूड दुसरा, तिसरा, आणि तळाशी जाड, जवळजवळ सपाट असा एक. तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून आडवा तुटला होता. मामा म्हणाले, ‘‘बघा साहेब, भोकातच जातो. सगळं लोखंड धडधाकट आणि कमजोर जागा आपणच पाडून ठेवलेली.’’ भोकाभोवती ताण एकवटतो हे अभियंता सूत्राने सांगेल. मामांनी तुटलेल्या कडेवर बोट फिरवून दाखवलं. काही भाग गुळगुळीत, काळपट. काही भाग ताजा, दाणेदार. काळपट चीर कित्येक महिने हळूहळू वाढत होती. दाणेदार भाग शेवटच्या एका खड्ड्यात गेला.

पाटे चळत लावून बोल्ट आवळला की झालं, असं मला वाटायचं. मामांनी नवा पाटा जुन्यावर नुसता ठेवला आणि मला वाकून बघायला लावलं. दोघांच्या मधोमध फट होती, पलीकडचा उजेड दिसत होता. खालच्या, आखूड पाट्याची कमान वरच्यापेक्षा जरा जास्त असावी लागते. सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते आणि माल चढायच्या आधीच पाटे एकमेकांना ताणून धरतात. मेन पाट्यावरचा ताण थोडा हलका होतो. फट किती हवी, याचा मामांकडे आकडा नाही, नजर आहे. फट कमी वाटली की पाटा ऐरणीच्या खाचेवर आडवा धरायचा, बोटभर पुढे सरकवायचा, घण मारायचा, परत सरकवायचा. प्रत्येक घावाचा आवाज सारखा आला पाहिजे. एक घाव बद्द वाजला तेव्हा ते थांबले, पाटा उलटा केला, उजेडात धरला आणि बाजूला टाकला. आत चीर होती. डोळ्याला ती दिसत नव्हती.

हे सगळं थंड्या लोखंडावर. काही ठिकाणी बसलेला पाटा भट्टीत लाल करून वाकवतात. काम झटपट होतं. मामांना ते मंजूर नाही. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं, कारखान्यात लाल करून तेलात बुडवलेलं आणि मग ठरावीक उष्णतेला परत मुरवलेलं असतं. त्या मुरवण्यातच त्याची लवचीक ताकद आहे. भट्टीत ती निघून जाते, मग पाटा महिनाभर छान दिसतो आणि पुन्हा बसतो. ‘‘लाल केला की लोखंड राहतं, पाटा राहत नाही,’’ हे त्यांचं वाक्य.

मग मूळ मुद्दा आला. बोलेरोच्या चालकाला तुटलेला पाटा बदलून हवाच होता, शिवाय दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून हवा होता. गाडी दीड टन पासिंगची, म्हणजे तेवढाच माल न्यायची मुभा असलेली. मार्केटमधून सळ्यांचे कापलेले तुकडे आणि प्लेटा भरतो. ‘‘मामा, मागून फार बसते. फाळका पार टायरवर येतो.’’

पोलादाची गंमत इथे आहे. भाजी भरली तर वजनाआधी हौदा भरतो. पोलादाचं उलट. एक घनमीटर पोलाद पावणेआठ टनांच्या थोडं वर जातं. दीड टन पोलाद जेमतेम एक पंचमांश घनमीटर. पिकअपच्या हौद्यात ते सपाट पसरलं तर थर चार-पाच सेंटिमीटरचा होईल. गाडी पूर्ण भरलेली असते आणि हौदा रिकामा दिसतो. अशा रिकाम्या हौद्याकडे बघत ‘अजून थोडं टाका’ म्हणायला कुणालाच जड जात नाही.

जादा पाट्याने गाडी वर उचलली जाते हे खरं. त्याच जाडीचा एक पाटा वाढवला की ताठरपणा त्या प्रमाणात वाढतो. जास्त जाडीचा पाटा वापरला तर मात्र हिशेब घनाने चढतो: जाडी दहा टक्के वाढवा, त्या पाट्याचा ताठरपणा तेहतीस टक्क्यांनी वाढतो. मामांना हे सूत्र ठाऊक नसेल, पण जाड पाटा मागणाऱ्याला ते तीनदा विचारतात. कारण पाटा बसणं ही गाडीची तक्रार असते. जादा पाटा टाकला की तक्रार थांबते, भार तसाच राहतो. तो दुसरीकडे जातो.

कुठे जातो, हे चाकाच्या मध्यभागी बघून कळतं. जड गाडीचं मागचं चाक पाहा: मधोमध पुढे आलेला हब आणि त्यावर लहान बोल्टचं कडं. तिथे गाडीचं वजन आसाच्या नळीवर बसवलेल्या दोन बेअरिंगांवर पडतं. आतला शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो, चाक न काढता तो बाहेर ओढता येतो. ४०७ या जातीची. हलक्या गाड्यांत बहुधा शाफ्टच चाक फिरवतो आणि शाफ्टच वजनही पेलतो. असा शाफ्ट किंवा त्याचं एकुलतं बेअरिंग गेलं, तर चाक धोक्यात येतं. हलकं आणि जड यांतला खरा फरक बॉनेटखाली सापडत नाही, तो इथे आहे. ७५ अश्वशक्तीचं इंजिन तीन टनसुद्धा ओढेल, पहिल्या गिअरमध्ये, कण्हत. ओढणं हा प्रश्नच नाही.

ब्रेकचं दुखणं त्याहून लपलेलं आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या आसापासून चासीपर्यंत एक सळी गेलेली असते आणि तिला एक व्हॉल्व्ह जोडलेला असतो. माल चढला की पाटे दबतात, आस आणि चासी जवळ येतात, सळी हलते, व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असताना दाब कमी, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. आता जादा पाटा टाका. दोन टन भरूनही पाटे पूर्वीइतके दबत नाहीत. व्हॉल्व्हला वाटतं गाडी अर्धी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक नेमके हवे तेव्हा हात आखडता घेतात. पाटा बदलल्यावर ती सळी नव्याने जुळवायची असते. मामा जुळवतात. सगळे जुळवत नाहीत.

कळंबोलीच्या आसपास सपाटीवर हे निभावून जातं. भाडं पुण्याचं असलं, की परतीचा माल घेऊन बोरघाट उतरावा लागतो. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार सुमारे पाचशे मीटरचा. साडेतीन टनांची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने पन्नासेक लिटर पाणी उकळेल. यातली बरीचशी उष्णता ब्रेकच्या लायनिंगमध्ये जाते. मोठ्या ट्रकला एअर ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक असतो; छोट्या पिकअपला द्रवाचे ब्रेक आणि चालकाचं शहाणपण. ज्या गिअरवर घाट चढलास त्याच गिअरवर उतर, हा जुना नियम त्यासाठीच. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे त्याच उतारावर आहेत.

दंडाची तरतूद कडक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार ठेवले. पण गाडीचा हप्ता बँकेला दरमहा जातो. अर्धा टन जास्त भरून एक खेप वाचली, तर त्या दिवशीची कमाई तीच. रस्त्यात काटा लागेलच असं नाही. हप्ता मात्र लागतोच.

शिवाय १ एप्रिल २०२०पासूनचा बीएस-६ हा धुराचा नियम आहे. डिझेलमधलं गंधक ५०वरून १० पीपीएमवर आलं, धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ती जाळी स्वतःला साफ करते ते धूर चांगला तापल्यावर, म्हणजे सलग लांब पल्ल्याला. खांदा कॉलनी ते कळंबोली अशा पाच किलोमीटरच्या खेपांत ती तापतच नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, चालक दोन दिवस दुर्लक्ष करतो, मग गाडी आपणहून ताकद आखडते आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. साडेतीन टनांवरच्या गाड्यांना धूर शुद्ध करायला बहुधा युरियाही लागतो. हे सगळं उपकरण छोट्या गाडीसाठी काही त्या प्रमाणात स्वस्त होत नाही. म्हणूनच टाटांची २०२५ची एस प्रो पेट्रोल, सीएनजी आणि विजेवर निघाली, डिझेलवर नाही. त्याच वर्षी एस गोल्ड प्लस मात्र डिझेलमध्ये आली, धूर शुद्ध करणारी पण युरिया न लागणारी एलएनटी ही यंत्रणा घेऊन, कारण डिझेल मागणारं गिऱ्हाईक अजून आहे. तळाच्या पायरीवर डिझेल दमलं आहे. दोन टनांच्या आसपास ते इतक्यात हटणार नाही.

इंजिन असं लॅपटॉपशिवाय उघडेनासं झालं असताना पाटा अजून घणाने दुरुस्त होतो. त्याचं मला अप्रूप वाटलं आणि काळजीही. अप्रूप मामांच्या कानाचं. काळजी अशी, की गाडीतला जो भाग सर्वांत सहज बदलता येतो, तोच भार किती झाला हे सांगणारा एकमेव भाग आहे.

बोलेरोवाल्याला मामांनी जादा पाटे दिले नाहीत. तुटलेला बदलला, बाकीच्यांना कमान दिली, सळी तपासली. तो थोडा कुरकुरला आणि पैसे देऊन गेला. पुढच्या शेडमध्ये त्याला हवं ते मिळेल, हे मामांनाही माहीत आहे.

म्हणून उपाय पाटेवाल्याच्या सचोटीवर सोपवून चालणार नाही. भाजीच्या गाडीत किती भरलं हे कुणी अंदाजाने सांगेल. पोलाद वजनावरच विकलं जातं. मार्केटमधून निघणाऱ्या मालाची काट्याची पावती असते, किलोपर्यंत अचूक. गाडीच्या आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही छापलेली असतात. वजाबाकी केली की पासिंग कळतं. एक कागद चालकाच्या खिशात, दुसरा डॅशबोर्डच्या खणात. जादा भार नकळत झाला असं इथे कुणालाच म्हणता येत नाही, विकणाऱ्याला तर मुळीच नाही. आणि तरी रस्त्यात पकडलं तर पावती फाटते ती बहुतेक वेळा गाडीवाल्याच्या नावाने. काट्याच्या पावतीवर गाडीच्या नंबरशेजारी तिचं पासिंग लिहायची सक्ती केली, आणि त्याहून जास्त भरून देणाऱ्या दुकानालाही दंड खरोखर लावला, तर जादा पाट्यांची मागणी आपोआप घटेल.