गाठीतले जनुक आणि आयुष्याचे गणित

'रुग्णाच्या हाती किती दिवस आहेत?' मेंदूत घातक गाठ निघाली की नातेवाईक डॉक्टरांना हा प्रश्न विचारतातच. पूर्वी उत्तर देताना रुग्णाचे वय, त्याची एकंदर शक्ती आणि शस्त्रक्रियेत किती गाठ निघाली, यांचाच आधार असे. आता गाठीतली जनुकेही तपासली जातात. ती काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे आपण पाहू.

मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशी असतात. ग्लायोब्लास्टोमा ही गाठ त्याच कुळातली. प्रौढांच्या मेंदूतच उगम पावणाऱ्या घातक गाठींमध्ये ती सर्वांत अधिक आढळते. तिच्या पेशी मुळांप्रमाणे आसपासच्या निरोगी भागात शिरतात, म्हणून शस्त्रक्रियेने ती समूळ निघत नाही. उरलेल्या पेशींसाठी किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध देतात.

औषधाचा घाव, पेशीची दुरुस्ती

हे औषध डीएनएला मिथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा गट, चिकटवते. ग्वानीनच्या एका विशिष्ट जागी तो चिकटला की घात होतो. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते. तेव्हा ग्वानीनसमोर सायटोसीन यायला हवे; पण बिघडलेल्या ग्वानीनसमोर थायमिन येऊन बसते. पेशी चूक खोडते, पुन्हा तीच चूक होते. या खटपटीत अखेर डीएनएचे धागे तुटतात आणि पेशी मरते.

पण पेशीकडे यावर तोड असते. एमजीएमटी नावाचे प्रथिन ग्वानीनवरचा मिथिल गट उचलून स्वतःवर घेते. डीएनए पूर्ववत होतो, औषध वाया जाते. मात्र हे प्रथिन आगकाडीसारखे आहे. एकदा वापरले की संपले! म्हणजे जितके घाव, तितके नवे रेणू पेशीला बनवावे लागतात.

काही गाठींत ते बनतच नाहीत, कारण या जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागावर मिथिल गट बसलेले असतात आणि जनुक बंद पडलेले असते. गंमत पाहा: औषधाने ग्वानीनवर बसवलेला मिथिल गट डीएनए बिघडवतो, तर नियंत्रक भागातल्या सायटोसीनवर बसलेला मिथिल गट दुरुस्तीचे दुकानच बंद करतो.

आकडे काय सांगतात?

2005 मध्ये रॉजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 573 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांच्या आयुष्याचा मध्यक 12.1 महिने होता. जोडीला औषध दिल्यावर तो 14.6 महिने झाला. मोनिका हेगी यांनी त्यांपैकी 206 जणांच्या गाठींत एमजीएमटी तपासले. सुमारे 45 टक्के गाठींत जनुक बंद होते. अशा रुग्णांत केवळ किरणोपचाराने मध्यक 15.3 महिने, तर औषधासह 21.7 महिने आला. ज्यांचे जनुक चालू होते, त्यांच्यात हेच आकडे 11.8 आणि 12.7 होते. औषधाचा मोठा लाभ कोणाला झाला, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरी खूण आयडीएच या जनुकातील बदलाची. ग्लायोब्लास्टोमात हा बदल 2008 मध्ये प्रथम दिसला. बदल असलेले रुग्ण बरेच अधिक काळ जगतात, असे लक्षात आले. 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर अशा गाठींना ग्लायोब्लास्टोमा म्हणणेच बंद झाले. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी मुळात वेगळ्या होत्या!

मध्यक म्हणजे मुदत नव्हे

येथे गणिताच्या शिक्षकांची मदत घेऊ. समजा, सात रुग्ण अनुक्रमे 3, 5, 9, 12, 15, 22 आणि 60 महिने जगले. मध्यक 12, पण मध्य 18. मध्यक 12 याचा अर्थ 'सर्वांना एकच वर्ष' असा नाही. निम्मे त्यापुढे जातात, आणि कोणी पाच वर्षेही गाठतो. आकडे बदलून हे उदाहरण वर्गात जरूर करून पाहावे.

जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना 1982 मध्ये एका दुर्मीळ कर्करोगाचे निदान झाले. त्या रोगाचा मध्यक आठ महिने होता. मध्यकाच्या पलीकडची शेपटी किती लांब असते, हे त्यांनी पुढे लेखात समजावले. ते आणखी वीस वर्षे जगले. प्रत्येकाचे असे होईल असे नाही. पण मध्यकावरून कोणा एकाची तारीख काढता येत नाही, हे खरे.

मग तपासणी कशासाठी? तर निर्णयासाठी. वयस्क, अशक्त रुग्णाला औषध द्यावे की किरणोपचार, हे ठरवताना एमजीएमटीचा उपयोग होतो. ज्या औषधाचा फारसा उपयोग होणार नाही, त्याचा त्रास तरी टळतो. 'किती दिवस?' याचे नेमके उत्तर जनुकाकडे नाही. 'आता काय करावे?' हे ठरवायला मात्र ते हातभार लावते, आणि रुग्णाला त्याच क्षणी त्याचीच अधिक गरज असते.