कॉइल कोणतीही असो, तलफ तीच!

तुमच्या ग्रुपमध्ये एखादा ‘कॉइलवाला’ आहे का? व्हेपची रेडीमेड कॉइल न वापरता स्वतः तार गुंडाळणारा, त्यात कापूस भरणारा आणि ‘माझी कॉइल बघ’ म्हणून फोटो टाकणारा? आमच्यात आहे. इलेक्ट्रिकलला शिकतो आणि हात खरंच सफाईदार आहे. आधी स्वतःपुरतं करायचा. मग हॉस्टेलवरची पोरं मागू लागली, तेव्हा पैसे घेऊन करून द्यायला लागला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सहा जण हेमलकशाला गेलो होतो. बाबा आमटेंनी १९७३मध्ये सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प बघायचा होता. दुसऱ्या दिवशी जवळच भामरागडला संगमावर गेलो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती, तिन्ही नद्या तिथे एकत्र येतात. फोटो काढताना भाऊचा व्हेप हातातून सुटला आणि थेट पाण्यात! आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही.

पुढे काय झालं ते सांगतेच. आधी ती कॉइल समजून घेऊ.

तारेचे प्रकार

कॉइल म्हणजे तापणारी तार, तुमच्या इस्त्रीत किंवा हीटरमध्ये असते त्याच जातीची. निक्रोम १९०६चं, कँथल १९३०च्या आसपासचं. तारेच्या आत कापूस, कापसात द्रव. बटण दाबलं की तार तापते आणि द्रवाची वाफ होते.

साधी गोल कॉइल म्हणजे एकेरी तारेचे पाच-सहा वेढे. करायला सोपी, लवकर तापते, लवकर थंड होते, धूर बेताचा. यातही दोन पद्धती आहेत. वेढे चिकटवून घातले तर उष्णता एकवटते, पण एखादा वेढा आधी लाल होऊन कापूस जळण्याची भीती असते. अंतर सोडलं तर तार सारखी तापते, पण हात स्थिर लागतो.

ट्विस्टेड म्हणजे दोन-तीन तारांना दोरीसारखा पीळ. पृष्ठभाग थोडा वाढतो.

क्लॅप्टन म्हणजे जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेली, अगदी गिटारच्या जाड तारेसारखी. पृष्ठभाग बराच वाढतो, खाचांमध्ये द्रव धरून राहतो, वाफ दाट येते. पण धातू जास्त, त्यामुळे तापायला वेळ आणि बॅटरीवर ताण.

मेश म्हणजे तार नाहीच, तर जाळीदार पातळ पत्रा. पटकन आणि सगळीकडे सारखा तापतो. द्रवही भराभर संपतो.

आता नीट बघा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बदलतं ते एवढंच, की एका झुरक्यात किती द्रव उडणार. द्रव तोच असेल तर जास्त वाफ म्हणजे जास्त निकोटिन.

बारावीचं फिजिक्स आठवा

ओहमचा नियम. पूर्ण चार्ज झालेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्ट देते. कॉइल अर्ध्या ओहमची असेल तर प्रवाह ८.४ अँपिअर आणि शक्ती साधारण ३५ वॉट. लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते, यावरून अंदाज घ्या. आता ‘मोठा धूर’ पाहिजे म्हणून कुणी ०.१ ओहमची कॉइल बांधली, तर तोच हिशेब ४२ अँपिअरवर जातो. या आकाराच्या चांगल्या बॅटऱ्याही साधारण २०-२५ अँपिअर सतत देण्यासाठी बनवलेल्या असतात. ज्या उपकरणात सुरक्षेची चिप नसते, तिथे मधे थांबवणारं कुणीच नाही. अमेरिकेत व्हेप फुटून माणसं दगावली आहेत, २०१८मध्ये फ्लोरिडात आणि २०१९मध्ये टेक्सासमध्ये.

कॉइलचा धातूही जागेवर राहत नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८मध्ये ५६ जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते, पण कॉइलला लागून तयार झालेल्या वाफेत शिसं, क्रोमियम, निकेल जास्त सापडलं. आणि कापूस कोरडा पडून तार जास्त तापली, की द्रवातल्या ग्लिसरीनपासून फॉर्मल्डिहाइडसारखी विषारी रसायनं तयार होतात.

‘मी तर फक्त तार विकतो’

हे वाक्य आमच्या भाऊचं. कायदा मात्र वेगळं म्हणतो. १८ सप्टेंबर २०१९ला केंद्राने वटहुकूम काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. आणि पूर्ण वस्तूच नाही, तर तिचा कुठलाही भागसुद्धा! निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा या कायद्यात नाही. पण मित्राला पैसे घेऊन कॉइल करून देणारा हा ‘बनवणारा’ आणि ‘विकणारा’ दोन्ही ठरू शकतो. प्लेसमेंटच्या वर्षात हे परवडेल का, तुम्हीच ठरवा.

आणि मग खर्रा

परत हेमलकशाकडे. व्हेप गेला त्या संध्याकाळी भाऊ जेवताना गप्प. रात्री सारखा कूस बदलत होता.

“काय बे, झोपला नाही?” एकाने विचारलं.

“डोकं दुखून राहिलं. झोप तू.”

सकाळी शोधायला निघालो तर हा एका टपरीवर उभा, गालात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला. जो मुलगा वर्षभर ‘खर्रा म्हणजे गावठी, आपलं काम सायंटिफिक’ म्हणत होता, तोच. आमच्याकडे न बघता म्हणाला, “बारा तासही नाही काढता आले बे.”

त्या क्षणी कुणी हसलं नाही.

गडचिरोलीला ही तलफ नवीन नाही. इथे १९९३पासून दारूबंदी आहे आणि २०१६पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारूसोबत तंबाखूविरुद्धही गावोगाव काम करतंय. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. ओढणारे ३.८ टक्के, बाकी बहुतेक खाणारे. म्हणजे ज्या व्यसनातून बाहेर पडायला इथली गावं धडपडतायत, त्याच्याकडेच आपण इंजिनिअरिंग करून जातोय.

भाऊने परतीच्या प्रवासात राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर माझ्याकडून घेतला: १८००-११२-३५६. फोन मोफत आहे. पहिल्या महिन्यात दोनदा घसरला, पुन्हा लावला. हॉस्टेलवरच्या ऑर्डर त्याने बंद केल्यात. हात शिवशिवतात म्हणतो, म्हणून सध्या कॉलेजच्या लॅबमध्ये मोटर वाइंडिंग करतो. तीही कॉइलच आहे, फक्त पंखा फिरवते.

तुमच्या कॉइलवाल्याला एकच करायला सांगा. एक दिवस व्हेप घरी ठेवून फिरायला जा. संध्याकाळपर्यंत कळेल, कॉइल कोण कोणाभोवती गुंडाळतंय ते.