‘तीन वर्षांत भाषा सोडा’: १६८४ च्या हुकुमाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सावर्डी दोन आहेत. एक आमचे, चिपळूण तालुक्यातले, कोकण रेल्वेवरचे. दुसरे गोव्यातले, कुडचड्याच्या शेजारचे, मुरगावहून घाट चढणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावरचे. ‘पोर्तुगिजांनी कोंकणीवर बंदी घातली होती’ हे आमच्या सावर्ड्यात सगळ्यांना ठाऊक असते. ते खरेही आहे. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द ताव्होरा, म्हणजे अल्व्होरचा काउंट, याने हुकूम काढला: तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडा आणि पोर्तुगीज बोला. पण या एका वाक्याभोवती बऱ्याच चुकीच्या समजुती जमल्या आहेत.

गैरसमज: पोर्तुगीज आल्या दिवसापासून भाषेच्या मुळावर उठले.

गोवा त्यांनी घेतला १५१० साली. हुकूम आला १७४ वर्षांनी. मधल्या काळात धर्मांतराची जबरदस्ती झाली, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालयही होते. पण लोकांना धर्म शिकवायचा तर त्यांची भाषा आली पाहिजे, असे अनेक पाद्री मानत. इंग्लंडहून आलेल्या थॉमस स्टीफन्सने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोलला छापले गेले. त्यानेच कोंकणीचे व्याकरणही लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, ते प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण. अल्व्होरचा हुकूम ही सगळी परंपरा मोडणारा होता.

गैरसमज: हा एका माणसाचा लहरीपणा.

फ्रान्सिस्कन पाद्री अशा हुकुमासाठी आग्रही होते. बार्देशातली चर्चे त्यांच्या ताब्यात होती आणि भाषा शिकण्याचा त्रास त्यांना नको होता. हुकुमाआधीचे सात महिनेही पाहायला हवेत. नोव्हेंबर १६८३ मध्ये हाच व्हाइसरॉय फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि हरून परतला. संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतले, मराठे बार्देश-साष्टीत घुसले. राजधानी वाचवायला व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीत ठेवून साकडे घातले. अशा घाबरलेल्या सत्तेला प्रजेची आपल्याला न कळणारी भाषा संशयास्पद वाटली असेल, असे मला वाटते.

हे गोव्यातच घडले असेही नाही. १८६३ मध्ये पोलंडमध्ये झारविरुद्ध उठाव चालू असताना रशियाचा गृहमंत्री प्योत्र व्हॅल्युएव्हने युक्रेनी भाषेतली धार्मिक आणि शालेय पुस्तके छापायला मनाई केली. ललित लेखन तेवढे सोडले. वेगळी युक्रेनी भाषा नाहीच, ती बिघडलेली रशियनच, असा दाखला त्याने त्या परिपत्रकात दिला. १८७६ मध्ये झारने आणखी कडक फर्मान काढून बाहेरून येणारी पुस्तके आणि नाटकेही अडवली.

गैरसमज: बंदी सगळ्या गोव्यावर होती.

तेव्हाचे पोर्तुगीज गोवा म्हणजे तिसवाडी, बार्देश, साष्टी. नव्या काबिजादी, म्हणजे नंतर जिंकलेले तालुके, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. गोव्यातले ते सावर्डे त्यांतलेच. १६८४ साली ते पोर्तुगीज राज्यात नव्हतेच.

गैरसमज: हुकुमाने कोंकणी संपली.

तीन वर्षे सरली, आणि लोक घरात, शेतात, बाजारात कोंकणीच बोलत राहिले. नुकसान झाले ते लिहिण्यावाचण्याचे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने लग्नातली देशी गाणीही बंद केली. शिकलेल्या घरांना आपल्या आईच्या भाषेची लाज वाटू लागली, ही जखम सर्वांत खोल. तिच्यावर पहिले औषध लावणाराही पोर्तुगीज अधिकारीच होता. गव्हर्नर जनरलचा सचिव कुन्हा रिव्हारा याने स्टीफन्सचे व्याकरण पुन्हा छापले आणि १८५८ मध्ये कोंकणीच्या छळाचा इतिहास लिहून मातृभाषेतून शिक्षणाची बाजू मांडली.

गैरसमज: बंदी आपल्या ‘कोकणी’ बोलीवर होती.

आम्ही कोकणातले म्हणून कोकणी, पण चिपळूण-संगमेश्वर भागात बोलली जाते ती संगमेश्वरी बोली. सिंधुदुर्गात मालवणी. गोव्याची कोंकणी वेगळी. आणि इथेच आपल्याला स्वतःकडे पाहावे लागते. ‘कोंकणी ही मराठीचीच बोली, वेगळी भाषा कसली?’ हे आपणही वर्षानुवर्षे ऐकवत आलो. मराठी माणसाने कोणाची पुस्तके अडवली नाहीत, हा फरक मोठा आहे. तरी युक्तिवाद व्हॅल्युएव्हचाच आहे. दोन भाषांचे नाते अभ्यासकांनी जरूर तपासावे. पण आपल्या भाषेला भाषा म्हणायचे की नाही, हे ती बोलणाऱ्यांनी ठरवायचे. त्यांनी ते ठरवले आहे: १९८७ मध्ये कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

त्या दुसऱ्या सावर्ड्यात कधी उतरलात, तर तिथल्या माणसाशी बोलताना ‘तुमची बोली’ म्हणू नका. ‘तुमची भाषा’ म्हणा.