मापाची गिटार

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला ‘मुद्दाम घडवून कशाला घेता?’ असे कोणी विचारत नाही. आवाज पुरुषाचा की बाईचा, पट्टी कोणती, हे विचारून मगच कारागीर पुढचे बोलतो. तंबोरा ही घडवून घेण्याचीच वस्तू. इलेक्ट्रिक गिटार मात्र वाढली ती कारखान्यात. म्हणून एखाद्या कारागिराकडून मापाने करून घेतलेल्या गिटारसाठी दुकानातल्या चांगल्या गिटारच्या कितीतरी पट पैसे मोजावेत का, हा प्रश्न मला केवळ हौशी वादकांचा वाटत नाही. वाद्याचा आवाज राहतो कुठे, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

माझा कान तंबोऱ्यावर तयार झालेला. तिथे आवाज भोपळ्यात, तबलीत आणि घोडीवरच्या जवारीत असतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली असतो पिकअप: चुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवून स्पीकरकडे देतो. नायलॉनची तार लावली तर हा पिकअप गप्प बसेल. त्याला हवेतला नाद ठाऊक नाही, फक्त पोलादाची हालचाल ठाऊक आहे.

लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४०च्या सुमारास पाइनच्या एका चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून वाजवले. ओंडका पाहून श्रोत्यांना काही चैन पडेना, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना जुन्या गिटारचे पोकळ पंख जोडले, असे तो सांगत असे. पंखांचे काम दिसण्यापुरते होते. पुढे लिओ फेंडरने १९५०च्या सुमारास दांडी आणि धड चार स्क्रूंनी जोडून गिटार कारखान्यात काढली. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दांडी खराब झाली तर दुसरी लावा, इतका सरळ त्याचा हिशेब.

मग महोगनी, मेपल, शिसवी यांच्या नावावर घेतले जाणारे पैसे? माझ्या मते धडाच्या लाकडाने वजन आणि रूप पुष्कळ बदलते, आवाज फार थोडा. दांडीचे मात्र वेगळे आहे. काही पडद्यांवर दांडीच तारेबरोबर कंप पावू लागते, तारेची ऊर्जा खाते आणि स्वर लवकर विझतो. वादक याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. महागड्या गिटारमध्येही तो निघू शकतो. लाकडाला किंमत कळत नाही.

जास्तीचे पैसे खरे जातात ते माणसाच्या तासांना. पडद्यांची टोके घासणे, दांडीची जाडी तळव्याला बेतणे, जोड बेमालूम करणे, शिंपल्याचे जडावकाम. यातले पडदे एका पातळीत आणणे, तारांची उंची बसवणे, प्रत्येक पडद्यावर स्वर नेमका लागेल असे पाहणे, हे काम जाणकार माणूस कारखान्यातल्या गिटारवरही करून देतो. मला ते जवारी काढण्याच्या जातीचे वाटते: वाद्य तेच, पण उघडते. नवी गिटार घेण्याआधी एवढे करून पाहावे. (फेंडर कंपनीने १९८७ मध्ये खास ऑर्डरींसाठी वेगळा विभाग काढला. काही वर्षांनी तिथून मुद्दाम ओरखडे पाडलेल्या, रंग उडवलेल्या कोऱ्या गिटारी चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. त्या हौसेला माझी ना नाही, पण ती कानाची हौस नव्हे.)

तासांची किंमत कळायला ब्रायन मे याची गिटार पाहावी. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, फेंडर परवडत नाही म्हणून त्याने वडिलांबरोबर ती घरीच करायला घेतली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीची. लाकडाला पडलेली किड्यांची भोके काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. तारांचा ताण पेलणाऱ्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, दांडीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. सामानाचा खर्च सुमारे आठ पौंड. वेळ मात्र जवळजवळ दोन वर्षे. तिच्या तिन्ही पिकअपना चालू-बंदची आणि फेज उलटवण्याची स्वतंत्र बटणे आहेत, त्यामुळे दुकानातल्या गिटारवर न मिळणारे रंग तिच्यावर मिळतात. ‘क्वीन’ बँडमध्ये तीच वाजली. गायला होता पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. ती दोन वर्षे एखाद्या कारागिराच्या मजुरीने मोजली, तर आठ पौंडांची गिटार किती महाग होईल, हे वाचकाने मनाशी मांडून पाहावे.

पैसे सार्थकी लागल्याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण तर इलेक्ट्रिक नसलेल्या गिटारचे आहे. १९७०च्या दशकात जॉन मॅकलाफ्लिन यांनी झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’ उभा केला. साध्या गिटारवर सतारीसारखी लांब मींड निघेना. तेव्हा गिब्सन कंपनीतले अब्राहम वेच्टर यांनी त्यांच्यासाठी पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेली, तिरक्या बसवलेल्या सात तरफांची गिटार घडवली. बोटाखाली लाकूडच लागत नसल्याने तार हवी तशी ओढता येई. अशी वस्तू कोणत्याही दुकानात टांगलेली नव्हती. हाताचे माप वेगळे असेल, तारा सहाच्या आठ हव्या असतील किंवा संगीतच अडत असेल, तर मी म्हणेन, खुशाल घडवून घ्या. नुसता आवाज ‘आणखी चांगला’ हवा असेल, तर आधी पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर बदलून ऐका.

विकायची वेळ आली की हिशेब उलटतो. एका तळव्यासाठी बेतलेली दांडी दुसऱ्याला टोचते, आणि मजुरीचे पैसे सहसा परत येत नाहीत. ‘ग्रेटफुल डेड’च्या जेरी गार्सियासाठी डग अर्विनने घडवलेली ‘वुल्फ’ २०१७च्या लिलावात १९ लाख डॉलर्सना गेली खरी, पण घेणाऱ्याने ते पैसे अर्विनच्या लाकूडकामासाठी मोजले नव्हते. त्याच अर्विनची पुढची गिटार ‘टायगर’ सहा किलोंच्या आसपास भरते, आणि गार्सिया ती तासन्‌तास खांद्यावर वागवत असे.