तरबाबादची मैफल

दौलताबादचा किल्ला पाहून परतणारा प्रवासी खंदक, अंधारी वाट आणि तोफा यांच्याविषयीं भरभरून बोलतो. याच डोंगराच्या पायथ्याशीं एके काळीं गवयांची स्वतंत्र पेठ होती, हें मात्र त्याला बहुधा कोणी सांगितलेलें नसतें.

इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें आणावयाचें ठरविलें. सैनिक, चिटणीस, काझी, व्यापारी, कारागीर अशा प्रत्येक वर्गाला निराळा मोहल्ला, आणि प्रत्येक मोहल्ल्यांत मशीद, बाजार व स्नानगृह, अशी नगराची आंखणी होती. परंतु शेख मुबारक यानें अरबी ग्रंथकार अल्-उमरी यास सांगितलें कीं, आपण तेथून निघालों तेव्हां बांधकाम अपुरेंच होतें. सक्तीनें आणलेल्या लोकांचे हाल तर सर्वश्रुत आहेत. इसामी कवीचे नव्वद वर्षांचे आजोबा वाटेंतच वारले. पुढें राजधानी पुन्हां दिल्लीस गेली.

अशा या अर्धवट राहिलेल्या नगरांत गाण्याची जागा मात्र सिद्ध होती. दिल्लीहून १३४२ सालीं निघालेल्या इब्न बतूतानें येथें 'तरबाबाद', म्हणजे आनंदाचें नगर, ही पेठ पाहिली. गालिच्यांनीं सजविलेलीं दुकानें, प्रत्येकांत झोपाळा, आणि त्यावर अलंकार ल्यालेली गायिका. पेठेच्या मध्यभागीं मोठा घुमट होता. तोहि गालिच्यांनीं आच्छादलेला. दर गुरुवारीं तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गवयांचा प्रमुख तेथें येऊन बसे, आणि सूर्यास्तापर्यंत गायिका पाळीपाळीनें हजेरी लावीत.

गालिचा केवळ शोभेचा नव्हे. उघड्या दगडी घुमटाखालीं स्वर भिंतींवरून परततो, पुढच्या स्वरांत मिसळतो आणि तान पुसट होते. जाड वस्त्रें आणि दाटीनें बसलेलीं माणसें तो प्रतिध्वनि शोषून घेतात. शेजारीं गवंडीकाम अपुरें असलें तरी जमीन आच्छादली, आसनें ठरलीं आणि वेळ नेमली, कीं मैफल बसूं शकते.

ही जाण या भूमीला नवी नव्हती. शंभर वर्षांपूर्वीं याच देवगिरीस, सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचिला. त्याच्या शेवटच्या, नर्तनाध्यायांत सभेची मांडणी आहे: फुलें पसरलेली भूमि, वर छत, सभापतीचें सिंहासन, कोणत्या बाजूस अंतःपुर, कोठें प्रधान, कोठें पंडित. शार्ङ्गदेव दरबारच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता, हें त्या नेमकेपणावरूनहि ओळखूं यावें!

तरबाबादवरून जातांना एक हिंदु राजा त्या घुमटापाशीं उतरून गाणें ऐकत असे, आणि एका मुसलमान सुलतानानेंहि तसेंच केलें, अशी नोंद इब्न बतूतानें केली आहे.