सोनं आत, कढई बाहेर

इंदूरच्या मराठी घरात पुण्या-नाशिकहून पाहुणे आले आणि त्यातून शनिवार असला, की रात्रीचा स्वयंपाक आजोबांच्या मऊ खिचडीपुरताच होतो. बाकीच्यांना संध्याकाळपासून एकच ताकीद असते : आता काही तोंडात टाकू नका, सराफ्यात जायचंय. भाचरं सात वाजताच चपला घालून तयार होतात. मामा मात्र साडेनऊशिवाय गाडी काढत नाहीत, कारण त्याआधी तिथे खायला काही नसतंच. तिथे सोनं असतं.

राजवाड्याला खेटून असलेली ही गल्ली दिवसभर खरोखरच सराफांची आहे. पाटल्या, बांगड्या, तोळ्यामाशांचे हिशेब. रात्री आठनंतर पेढ्यांची शटरं खाली येऊ लागतात आणि त्याच पेढ्यांपुढे शेगड्या पेटतात, कढया चढतात. दहाला बाजार ऐन भरात येतो तो दीड-दोनपर्यंत. रोजचाच आहे हा खेळ. शनिवारी फक्त पाऊल ठेवायला जागा उरत नाही. इंदूरकर याला ‘सराफा चौपाटी’ म्हणतात. मुंबईचा पाहुणा समुद्र शोधत नाही हे खरं, पण एकदा तरी हसून घेतो.

सोनारांनी आपल्या दारात तळण का चालू दिलं? गावात सांगतात ते असं : रात्री गल्ली जागी राहिली तर चोराची छाती होणार नाही, म्हणून. कागदोपत्री पुरावा कोणी दाखवत नाही, पण व्यवहार पटण्यासारखा आहे. अहमदाबादच्या माणेकचौकातही दिवसा दागिने आणि रात्री खाणं असाच पाळीपाळीचा संसार चालतो.

सराफ्यात खाण्याचं एक तंत्र आहे आणि नवखे लोक तिथेच फसतात. पहिल्याच ठेल्यावर प्रत्येकी एक प्लेट घेतली, की तिसऱ्या ठेल्याशी माणूस आडवा. मुरलेलं कुटुंब पाच जणांत दोनच द्रोण मागवतं, उभ्याउभ्या संपवतं आणि पुढे सरकतं. खोपरा पॅटिस (बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण), मग दहीवडा, मग भुट्टे का कीस. गोडाची घाई कोणी करत नाही.

दहीवडा खायचा नसतो, आधी पाहायचा असतो. जोशींच्या दुकानात दह्याने भरलेला द्रोण हवेत भिरकावला जातो, गिरकी घेतो आणि थेंबही न सांडता हातात परत येतो. मग त्याहून अवघड काम : एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकामागून एक, न मिसळता, दह्यावर सोडायचे. पोरं ‘अजून एकदा’ म्हणून ओरडतात आणि मोठी माणसं मोबाइल वर धरून उभी राहतात. या गल्लीला वेगळ्या करमणुकीच्या तंबूची गरज पडत नाही ती यामुळेच. पलीकडे पाव किलोच्या आसपास वजनाचा एकेक ‘जलेबा’ कढईत फिरत असतो. त्याच्यासमोर नेहमीची जिलबी म्हणजे कानातली रिंग.

कीस हा शब्द मराठी आजीला परका नाही. बटाट्याचा, रताळ्याचा कीस तिने जन्मभर केला. मक्याचा मात्र माळव्याने शिकवला. कोवळी कणसं किसून तुपात हिंग-मोहरी-मिरचीवर परतायची आणि दूध घालून ते आटेपर्यंत हलवत राहायचं. चमचा घेताच आजी ‘दूध जास्त झालंय’ असा शेरा मारते आणि द्रोण रिकामा करते.

साबुदाणा खिचडीपाशी तर वादच होतो. इथला साबुदाणा फोडणीत परतत नाहीत, वाफेवर मोकळा ठेवतात. गिऱ्हाईक आलं की त्यात मसाला, दाणे, बटाट्याचा चिवडा, कोथिंबीर, लिंबू मिसळून भेळेसारखा हातात देतात. ‘ही उपासाला चालते?’ असं आत्या विचारते. चालते भिया, असं उत्तर येतं. इंदुरात भिया म्हणजे भाऊ, आणि घाईत तो आत्यालाही लागतो.

दिवाळीच्या सुमारास आलेल्यांचं नशीब थोर, कारण तेव्हा गराडू सुरू होतो. आपल्या कोनफळाच्या कुळातला हा कंद फक्त थंडीत मिळतो. फोडी एकदा तळून ठेवायच्या, मागणी आली की पुन्हा कडक तळायच्या, वर लिंबू आणि जीरावन. जिरं, आमचूर, काळं मीठ, सुंठ, हिंग यांचा हा तपकिरी मसाला इंदूरकर सकाळी पोह्यांवर आणि रात्री गराडूवर सारख्याच श्रद्धेने भुरभुरतात. शेवटी शिकंजी. लिंबू सरबत समजून मागवणाऱ्याच्या हातात आटवलेल्या दुधाचा, केशर-सुकामेव्याचा इतका दाट पेला येतो की चमचा मागावा लागतो.

गेल्या काही वर्षांत या जुन्या सोयरिकीत कुरबुरी वाढल्या आहेत. ठेले वाढले, मोमो आणि नूडल्स आले, गॅसच्या टाक्यांची अरुंद गल्लीत दाटी झाली. आग लागली तर बंब कुठून शिरणार, हा सराफांचा प्रश्न रास्त आहे. शेजारच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडी. 1984च्या आगीत त्याची काय गत झाली ते शहराने पाहिलं आहे. खाऊवाल्यांना दुसरीकडे हलवा ही मागणी म्हणूनच जोर धरते; निदान जुने, पारंपरिक पदार्थच ठेवा, असाही एक सूर आहे. पण मोकळ्या मैदानात, प्रशस्त गाळ्यांत मांडलेला सराफा हा सराफा राहील का, याची शंका वाटते. कोपराला कोपर लागल्याशिवाय त्या गल्लीची चव उतरत नाही.

उष्टे द्रोण कुठे जातात, हे इथे पाहण्यासारखं आहे. 2017पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येणाऱ्या या शहरात मुलंसुद्धा ओला कचरा कुठला आणि सुका कुठला हे न सांगता ओळखतात. ओल्या कचऱ्यासाठी फेब्रुवारी 2022मध्ये दिवसाला 550 टन क्षमतेचा जैव-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या गॅसवर शहरातल्या बस धावतात.

दीडच्या पुढे शेगड्या विझू लागतात. धाकटं भाचरू मामाच्या खांद्यावर झोपलेलं असतं, पानवाल्यापाशी शेवटची गर्दी असते आणि एखादा ठेलेवाला पेढीपुढचा ओटा पाणी टाकून घासत असतो. सकाळी तिथे पुन्हा तराजू लागायचा असतो. गाडीत बसल्यावर आत्या पोटावर हात ठेवून जाहीर करते की उद्या दिवसभर लंघन. मामा फक्त एवढंच सांगतात, की आठ वाजता तयार राहा, पोहे-जिलबीला छप्पन दुकानला जायचंय.